अप्पांची अक्षरं तारेतून आली

आमच्या दुकानातला जुना कंप्युटर अप्पांचा माझ्यापेक्षा लाडका होता, हे आधीच सांगून टाकते. मी उन्हातून शाळेतून आले तर अप्पा म्हणायचे, "माठातलं पाणी पी." त्या डबड्याला ऊन लागू नये म्हणून मात्र त्यांनी दुकानाची खिडकी विटांनी बुजवून घेतली होती.

नळदुर्गात हायवेला लागून आमचं 'कल्याण रेडियम' आहे. पुढं दुकान, मागं घर. ट्रकच्या कपाळावर, दारांवर, पाठीवर जी चमकणारी अक्षरं दिसतात ती आम्ही कापतो. माझे वडील कल्याणप्पा आधी ती ब्रशनं रंगवायचे. पुढं रेडियम आलं. कंप्युटरवर अक्षर काढायचं, कटर मशीननं चिकट कागदातून ते कापायचं आणि गाडीवर डकवायचं. अप्पांनी कंप्युटर आणला, त्यातली तयार अक्षरं बघितली आणि नाक मुरडलं.

"ही काय अक्षरं हायत व्हय? परीक्षेला बसल्यावानी समदी एका रांगेत ताठ!"

मग त्यांनी स्वतःची काढली. ब्रश ठेवला, माऊस धरला आणि आपल्या हातचा क, आपल्या हातचा ख, काना-वेलांटीसकट, जोडाक्षरांसकट एकेक करून त्या डबड्यात बसवला. दुकानात गिऱ्हाईक नसलं की हेच काम. यात वर्षांमागून वर्षं गेली. आता लांबलांबचे ड्रायव्हर ढाब्यावर दुसऱ्याची गाडी बघून म्हणतात, "अक्षर नळदुर्गचं दिसतंय."

अलीकडं अप्पांचा हात हलतो. कंपवात आहे. चहाचा ग्लास अव्वा, म्हणजे माझी आई, अर्धाच भरते आणि तो अर्धा ग्लासही अप्पा दोन्ही हातांनी धरतात. ब्रश सुटला, माऊस सुटला. दुकान मी माझ्या नव्या लॅपटॉपवर चालवते, पण एखादं अक्षर लागलं की कटरची वायर जुन्याला लावून तिथूनच कापावं लागायचं. अप्पांचा हात म्हणून जेवढा उरला होता तेवढा सगळा त्या डबड्यात होता. आणि परवा ते डबडं आतून टकटक करायला लागलं.

सोलापूरला शिवपुत्र नावाचा कंप्युटर दुरुस्त करणारा आहे. मी त्याला फोन लावला आणि तो आवाज ऐकवला.

"ताई, ह्येची हार्डडिस्क मरायला लागलीय. बंद मातर करू नका. बंद केला तर पुन्हा उठंल याची ग्यारंटी न्हाय. चालू हाय तवर जेवढं निघंल तेवढं काढून घ्या."

हे सांगायला सोपं होतं. पेनड्राइव्ह लावला की डबडं म्हणायचं, नवीन यंत्र सापडलं, त्याची सीडी घाला. सीडीचा कप्पा कधीचा अडकलेला. फ्लॉपी घालावी तर माझ्या लॅपटॉपला तसलं तोंडच नाही. राहिला एकच रस्ता. दोघांच्यामध्ये तार ओढायची आणि घरातल्या घरात नेटवर्क करायचं. जुन्याच्या पाठीला तारेचं एक चौकोनी भोक होतं. विकणाऱ्यानं "पुढं कामाला येईल" म्हणून बसवून दिलं होतं, ते कधी कामाला आलं नव्हतं.

रविवारी सकाळी मी शटर अर्धंच उघडलं. मधल्या खोलीत इंटरनेटचा राऊटर आहे, तिथून दुकानापर्यंत तार ओढली. एक टोक राऊटरला, दुसरं जुन्याच्या पाठीला. लॅपटॉप राऊटरला बिनतारी जोडलेलाच होता. तार नीट बसली की भोकाशेजारी बारीक हिरवा दिवा लागतो. दिवा लागला नाही.

मी तार काढून परत घातली. उलटी करून घातली. मोबाइलच्या दुकानातून दुसरी तार आणली, तीही घातली. दिवा काही लागेना. माझं डोकं लवकर तापतं. मी तारेला शिव्या दिल्या, तारवाल्याला दिल्या, शेवटी त्या डबड्यालाही दिल्या.

"त्येला काय बोलू नगंस," अप्पा खुर्चीतून म्हणाले. "आजारी हाय त्ये."

अव्वा पोळ्या टाकून बघायला आली. मी जमिनीवर पालथी पडून मोबाइलच्या उजेडात त्या भोकात बघत होते.

"अव्वा, ह्यात पांढरं-पांढरं काय गं भरलंय?"

"कशात?" ती वाकली. "आगं, त्ये व्हय! त्येचं तोंड न्हाय का त्ये?"

"कुणाचं तोंड?"

"कंप्युटरचं. खंडेनवमीला पूजा करतो की आपण. म्होरं काच हाय, तिला भस्म लावलं की तुझे अप्पा वरडत्यात. मग म्या मागनं जाऊन त्या भोकाला लावायची. आनि नैवेद्य नगं का? चिमूटभर साखर आत घालायची. तोंड उघडं, आनि त्येला उपाशी ठेवायचं व्हय?"

मी उठून बसले. दरवर्षी खंडेनवमीला आमच्या दुकानात कात्री, कटर, ब्रश, सगळ्यांची पूजा होते, हे मला माहीत होतं. पण माझी आई दरवर्षी नेमानं कंप्युटरला साखर भरवते, हे कुणालाच माहीत नव्हतं. भस्म, कुंकू आणि साखर यांचा आत दगड झाला होता. त्यात मुंग्याही होत्या, त्याही कधीच्या मेलेल्या.

मी अप्पांकडं बघितलं, अप्पांनी माझ्याकडं. मला ओरडायचं होतं, पण अप्पा इतके खदखदून हसायला लागले की मलाही हसू फुटलं.

"म्हणूनच इतकी वर्सं टिकला गं त्यो!" अप्पा म्हणाले. "पोटात नैवेद्य व्हता."

"हसा, हसा," अव्वा म्हणाली. "आता त्येला बरं करा म्हंजे झालं." पण बॅटरी धरायला तीच बसली. जुना दातांचा ब्रश आणि लाकडी काडी घेऊन मी कणाकणानं ते उकरलं. यंत्र चालूच ठेवायचं होतं, म्हणून धातूचं काही लावायची सोय नव्हती. आतली बारीक सोनेरी पाती उघडी पडली तेव्हा तार पुन्हा घातली.

हिरवा दिवा लागला. आधी एकदा लुकलुकला, मग लागून राहिला.

नेटवर्कात प्रत्येक कंप्युटरला एक नंबर द्यावा लागतो, आळीत घरांना असतो तसा. जुन्याला मी नंबर दिला आणि लॅपटॉपवरून त्याला हाक मारली. हाक मारायची एक साधी आज्ञा असते. या नंबरच्या घरात कुणी आहे का, एवढंच ती विचारते. उत्तर येणार नाही अशी मनाची तयारी करूनच मी बोट दाबलं.

उत्तर आलं. एका ओळीखाली दुसरी, दुसरीखाली तिसरी. किती वेळ लागला तेही लिहून आलं, सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षा कमी.

हा कंप्युटर आमच्याकडं आला तेव्हा मी दप्तर घेऊन शाळेत जात होते. त्यानं कधी इंटरनेट पाहिलं नाही. या चार भिंतींबाहेर तो कधी कुणाशी बोलला नाही, त्याच्याशीही कुणी बोललं नाही. त्याच्यानंतर किती पिढ्या येऊन गेल्या आणि भंगारात निघाल्या. आणि आज शेवटच्या घटका मोजत असताना परक्या यंत्रानं हाक मारली, तर पापणी लवायच्या आत त्यानं ओ दिली. रोज दहा वेळा इंटरनेट वापरणारी मी, पण यात इतकं नवल आहे हे मला त्या दिवशी कळलं.

"काय म्हनला?" अप्पांनी विचारलं.

"कोण हाय का म्हणून विचारलं. हाय म्हणाला."

अव्वानं गुपचूप हात जोडले.

ओ दिली खरी, पण पुढचं बोलणं जुळेना. फाइली द्यायघ्यायची जुन्याची रीत नव्याला धोक्याची वाटत होती, तो दारच उघडत नव्हता. नव्याची रीत जुन्याच्या बापजन्मी ऐकण्यात नव्हती. मी वैतागून पुन्हा शिवपुत्राला फोन लावला.

"दोघांना येणारी जुनी भाषा हाय की एक," तो म्हणाला. "एफटीपी म्हणत्यात. लॅपटॉपवर त्येचा छोटा प्रोग्राम टाका. जुन्यात ती उपजतच हाय."

आमच्या बाजारात कानडी म्हातारी आणि मराठी भाजीवाली दोघी मोडक्यातोडक्या दखनी हिंदीत भाव ठरवतात, तसंच हे झालं. मी जुन्याच्या काळ्या पडद्यावर आज्ञा लिहिली. टकटक वाढली. मग एकेका फाइलीचं नाव उमटून वर सरकायला लागलं. अप्पांनी नावं आपल्या मनानं ठेवली होती, इंग्रजी अक्षरात पण मराठी उच्चारात. ए ए, आय आय, असं करत अप्पांचा हात तारेतून मधल्या खोलीकडं निघाला.

मला धीर धरवेना. पुढच्या फाइली येत असतानाच मी आलेल्यांतली पहिली लॅपटॉपवर उघडली. तो आ होता. शेजारी आणखी एक आ होता, त्याच्या शेजारी तिसरा.

"तीन-तीन कशाला काढले, अप्पा?"

अप्पा खुर्ची ओढत जवळ आले. "ह्यो साधा. ह्यो ट्यांकरचा. ट्यांकरवरचं लांबनं वाचाय पायजे, म्हणून जाड. आनि ह्यो फकस्त आईचा."

"आईचा म्हणजे?"

"गाडीवर 'आईची कृपा' लिहायचं असंल तर ह्यो घ्यायचा. काना बघ, जरा वाकलाय. डोईवर पदर घेतल्यावानी."

मी बघितलं. खरंच तो वाकला होता, अगदी कळेल न कळेल एवढा. मग मी एकामागून एक उघडत गेले आणि अप्पा सांगत गेले. लेकींच्या नावांची अक्षरं वेगळी. ड्रायव्हर लेकीचं नाव गाडीवर घालतात तेव्हा त्याला टोकं नकोत, म्हणून सगळे शेवट गोल. देवाच्या नावाच्या अक्षरांना मात्र मधे मोकळी जागा जास्त, फुलांचा हार आला तरी नाव झाकू नये म्हणून. मी इतकी वर्षं ही अक्षरं कापत होते. मला ती नुसती सुंदर वाटायची. प्रत्येकामागं कुणाचा तरी एवढा विचार आहे, घाटात पाठीमागून येणाऱ्या माणसाचासुद्धा आहे, हे मला माहीत नव्हतं. माझ्या बापाशेजारी मी जन्मभर राहिले आणि तो केवढा मोठा आहे ते मला या रविवारी तारेतून कळत होतं.

मी एक भ उघडला आणि मोठा केला. आणखी मोठा केला. शेवटी त्याचं एकच वळण पडदाभर झालं. कुठं दचका नाही, अडखळ नाही. वळण एका दमात निघालं होतं आणि जिथं थांबायचं तिथंच थांबलं होतं.

अप्पांनी बोट पडद्याला लावलं. त्या वळणाच्या कडेनं ते बोट थरथरत चाललं, आत-बाहेर जात राहिलं.

"ह्यो म्याच काढला?"

"तुमीच, अप्पा."

"असा हात व्हता माझा," ते म्हणाले. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. अव्वा तर कधीची पदरात तोंड घालून रडत होती.

दुपार कलली तरी नावं सरकत होती. अव्वानं पंखा बंद केला, फ्रिजचीही वायर काढली. "त्येला समदी लाइट मिळू दे," म्हणाली. तसा काही संबंध नव्हता, पण मी तिला अडवलं नाही. तिघंही घामानं चिंब होऊन त्या काळ्या पडद्याकडं बघत बसलो होतो.

मग टकटक थांबली आणि करकर सुरू झाली, वाळूवरून भांडं ओढावं तशी. नावं थांबली. मी माऊस हलवला, बाण हलला नाही. एक मोठा खट असा आवाज आला आणि डबडं आतून गप्प झालं. नुसता त्याच्या पोटातला छोटा पंखा फिरत राहिला. बंद करून चालू केलं, दोनदा केलं, तिसऱ्यांदा केलं. पडद्यावर एकच ओळ यायची, आत काही सापडत नाही.

मी धावत लॅपटॉपकडं गेले आणि मोजदाद केली. सगळं आलं होतं. क आला होता, क्ष आला होता, ज्ञ आला होता. शेवटचा एक कप्पा तेवढा आला नव्हता. त्याचं नाव होतं झेड.

"अप्पा, झेडमध्ये काय व्हतं?"

"त्यात ळ हाय."

"ळ? आनि त्यो झेडमध्ये कशाला घातला?"

"मनासारखा जमतच नव्हता. दोन्ही गोळे सारके केले की मेल्यावानी दिसायचा. कमी-जास्त केले की लंगडायचा. लई काढले, लई खोडले. जमला की लकाराशेजारी नेऊन ठेवीन म्हणलं. तवर शेवटाला ठेवला. काम चालवून घ्यायचो त्यातल्याच एकावर."

आता मात्र माझं डोकं फिरलं. "गाव कुठलं, तर नळदुर्ग! देवी कुठली, तर तुळजापूरची! हायवेवर दर दुसऱ्या गाडीवर तुळजाभवानी प्रसन्न! आनि गेला कोण, तर ळ!" मी टेबलावर मूठ आपटली. चहाचा रिकामा ग्लास खाली पडला.

अप्पा मात्र शांत होते. "लिही," म्हणाले. "नळदुर्ग लिहून बघ."

मी त्यांच्या अक्षरांतून न घेतला, जागा सोडली, दु घेतला, र्ग घेतला. पांढऱ्या पडद्यावर आमच्या गावाचं नाव उमटलं आणि त्याच्या मधोमध भोक होतं. आम्ही तिघंही त्या भोकाकडं बघत राहिलो.

"काढ," अप्पा म्हणाले.

"म्या?"

"मग काय शिवपुत्राला बोलावतीस?"

मी माऊस धरला. अप्पांचा ळ मी लाख वेळा कापला होता, डोळ्यांपुढं होता. तसाच्या तसा आठवून काढला. जवळ जाऊन बघितलं तर कड वेडीवाकडी झाली होती. दुसरा काढला, तोही तसाच झाला. तिसऱ्याला तर माझी बोटं अप्पांच्या बोटांसारखी थरथरायला लागली.

"माझ्यावानी काढू नगंस," अप्पा म्हणाले. "दुसऱ्यावानी काढाय लागलं की हात थरथरतोच. तुझा काढ."

"माझा कसला आलाय? म्या जन्मभर तुमचीच अक्षरं कापली."

"म्हणून तर म्हणतोय."

मी खोडत गेले, काढत गेले. अप्पा मधेच बोलायचे. गोळ्याचं पोट भर. आता जरा सोड. खालनं वर ये, घाई नगं. थोड्या वेळानं त्यांनी बोलणं बंद केलं आणि मीही त्यांच्याकडं बघायचं सोडून दिलं. दोन्ही गोळे सारखे करायचे की नाही हा विचारच माझ्या मनातून गेला. पहिला गोळा काढला, त्याच्या वेगातूनच दुसरा निघाला, जरा खाली उतरलेला, पुढं पाऊल टाकायच्या तयारीत असलेला. मी तो उचलून भोकात ठेवला.

अप्पा खुर्चीतून उठले. पडद्याजवळ आले, मग दोन पावलं मागं गेले, ट्रकपासून मागं जाऊन बघायचे तसे.

"ह्यो माझा न्हाय," ते म्हणाले.

मी खोडायला हात उचलला.

"थांब," अप्पा म्हणाले. "माझा माझ्याच अक्षरांत कधी बसला न्हाय. ह्यो बसलाय. मशीन लाव."

मी लाल रेडियमची गुंडाळी कटरला लावली आणि बटन दाबलं. न अप्पांचा, दुर्ग अप्पांचं आणि मधला ळ माझा, असं आमच्या गावाचं नाव सावकाश कापलं जाऊ लागलं.